घातांक खाली उतरला आणि संख्या बिघडली

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या विज्ञान पानावर सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या ‘2136279841 - 1’ अशी छापली गेली आहे. घातांक ओळीत उतरल्याने ती दहा अंकी झाली. त्यातून 1 वजा केला की शेवटी शून्य येतो, म्हणजे दहाने सरळ भाग जातो! वरचा बारीक टाइप जमत नसेल तर ‘2 चा 136279841 वा घात, वजा 1’ असे अक्षरांत लिहावे.

ऑक्टोबर 2024 मध्ये ल्यूक ड्युरंट यांना ‘गिम्प्स’ या अशा मूळ संख्या शोधणाऱ्या स्वयंसेवी प्रकल्पात सापडलेली ही संख्या 4,10,24,320 अंकी आहे. तिचा एकक अंक तोंडी काढता येतो. 2 च्या घातांचे एकक अंक 2, 4, 8, 6 असे फिरतात. घातांकाला 4 ने भागून 1 उरतो, म्हणून एकक 2, आणि वजा 1 केल्यावर 1.

त्याच बातमीतले ‘संगणकाने सर्व लहान संख्यांनी भागून पाहिले’ हे वाक्य मात्र छपाईची चूक म्हणून सोडता येत नाही. या संख्येचे वर्गमूळच दोन कोटींहून अधिक अंकी आहे. तिथवर भागत जाणे कुणालाच शक्य नाही. भागाकार सुरुवातीला चाळणीपुरता होतो. ‘2 चा p वा घात, वजा 1’ या संख्येत घातांक p मूळ व विषम असेल तर तिचा मूळ विभाजक 2kp + 1 (k पूर्णांक) या रूपाचाच असतो, शिवाय त्याला 8 ने भागून 1 किंवा 7 उरावे लागतात. p = 11 घेतल्यास 2047 = 23 × 89, दोन्ही विभाजक या साच्यातले. p मूळ असणे पुरेसे नाही, हेही याच उदाहरणात दिसते.

चाळणीतून उरलेल्यांसाठी लुकास-लेमर कसोटी आहे. 4 पासून सुरुवात करा, वर्ग करा, 2 वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा. असे p - 2 वेळा केल्यावर शून्य आले तर संख्या मूळ, नाही तर संयुक्त. 127 साठी (p = 7) पाच पायऱ्या: 14, 67, 42, 111, 0. यात खरा भागाकारही लागत नाही. 67 चा वर्ग 4489. त्यात 128 पस्तीस वेळा जाऊन 9 उरतात. 128 ला 127 ने भागून 1 उरतो, म्हणून 35 + 9 = 44, वजा 2 म्हणजे 42. नऊची कसोटी लावताना अंकांची बेरीज करतो, त्यातलाच हा प्रकार.

प्रस्तुत संख्येला अशा 13,62,79,839 पायऱ्या लागतात. प्रचंड संख्यांचे वर्ग फूरिये रूपांतर या झटपट गुणाकाराच्या पद्धतीने काढताना अपूर्णांक जवळच्या पूर्णांकात बसवावे लागतात. तिथे एकदा चूक झाली की पुढचे सगळे बिघडते, आणि शेवटी शून्य न आल्यामुळे मूळ संख्या संयुक्त समजून हातची जाते. म्हणून आधी डब्लिनमधल्या ग्राफिक्स प्रोसेसरवर, वाटेतल्या चुका पकडता येणाऱ्या वेगळ्या कसोटीने, ‘बहुधा मूळ’ असा निकाल मिळाला, त्यानंतर सॅन अँटोनियोतल्या दुसऱ्या प्रोसेसरवर लुकास-लेमर कसोटीने खात्री झाली.

बातमीतले ‘बँकांचे व्यवहार आता अधिक सुरक्षित’ हेही चुकीचे आहे. ऑनलाइन व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या आरएसए पद्धतीच्या 2048 बिटांच्या (द्विमान अंकांच्या) किल्लीला सुमारे 309 अंकी दोन मूळ संख्या लागतात आणि त्या गुप्त असाव्या लागतात. जगजाहीर संख्या तिथे कुचकामी.

2 च्या घातातून 1 वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्येला मर्सेन मूळ संख्या म्हणतात; बातमीच्या चौकटीतले ‘52 वी मर्सेन मूळ संख्या’ हे ‘माहीत असलेली 52 वी’ असे हवे.

आपला,
एक गणित शिक्षक, सातारा