सर्व्हे छापता तर प्रश्नांचा क्रमपण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला 'आपला मेंदू क्वांटमवर चालतो' छापाचा लेख वाचला आणि डोकंच फिरलं, कारण विषय एवढा भारी आणि त्याची पार वाट लावलीय. ब्रुसेल्सचे डिडेरिक आर्ट्स, इंडियाना युनिव्हर्सिटीचे जेरोम बुसमायर, ऑस्ट्रेलियातले पीटर ब्रुझा ही संशोधक मंडळी मेंदूच्या पेशीत क्वांटम चमत्कार होतात असं सांगायला बसलेली नाहीत हो. त्यांचं म्हणणं साधं आहे, अणूंसाठी म्हणून जे प्रोबॅबिलिटीचं गणित तयार झालं ते माणसाच्या उत्तरांना शाळेतल्या प्रोबॅबिलिटीपेक्षा बरं बसतं, मेंदू आतून कसा का चालेना. पेशीतल्या मायक्रोट्यूब्यूलमधे, म्हणजे बारीक नळ्यांमधे, क्वांटम शोधणारे पेनरोज आणि हॅमरॉफ, तो वेगळा विषय. तुमच्या लेखकाने दोन्ही एकाच कढईत टाकून वर अध्यात्माची फोडणी दिलीय.

आता ह्यात पेपर वाचणाऱ्याच्या कामाचं काय आहे ते सांगतो. सप्टेंबर १९९७ मधे अमेरिकेत गॅलप ह्या सर्व्हे कंपनीने साधारण हजार लोकांना विचारलं, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन प्रामाणिक वाटतात का आणि उपराष्ट्राध्यक्ष अल गोर प्रामाणिक वाटतात का. निम्म्यांना आधी क्लिंटन, निम्म्यांना आधी गोर. क्लिंटन आधी विचारले तर त्यांना ५० टक्के हो आणि नंतर गोरना ६८. उलटं विचारलं तर गोर ६०, क्लिंटन ५७. म्हणजे १८ टक्क्यांचा फरक सरळ ३ वर! माणसं तशीच, आठवडा तोच, फक्त क्रम बदलला.

मी पूर्वी सर्व्हेचं फील्डवर्क केलंय त्यामुळे मला ह्याचं नवल वाटलं नाही. दारात उभं राहून आधी 'पाणी रोज येतं का' विचारा आणि मग 'नगरसेवकाचं काम कसं वाटतं' विचारा, समोरची बाई आधी नळाकडे बघते आणि मग नगरसेवकाचा उद्धार करते, तेच उलट्या क्रमाने विचारलं की 'बरंय की, लग्नाकार्याला येतात' असं उत्तर मिळतं. आम्हाला सुपरवायझर दम द्यायचा, क्रम मोडायचा नाही म्हणून, पण का ते कोणी सांगितलं नाही.

साध्या प्रोबॅबिलिटीत 'अ आणि ब' म्हणजेच 'ब आणि अ', तिथे क्रमाला जागाच नाही. क्वांटमच्या गणितात मनाची स्थिती म्हणजे एक बाण धरायचा, उत्तर दिलं की बाण त्या उत्तराच्या दिशेला वळतो आणि पुढचा प्रश्न त्या नव्या जागेवरून सुरू होतो, म्हणून क्रम बदलला की आकडा बदलतो. पहिलं उत्तर देताना मत थोडंफार तयार होतं, ते आधीपासून कपाटात घडी घालून ठेवलेलं नसतं. मला हे पटतं.

कोणी म्हणेल हे सगळं मागाहून जुळवलेलं. बरोबर शंका आहे. हवाई बेटांच्या ट्रिपचा प्रयोग घ्या, त्वर्स्की आणि शाफिर ह्या मानसशास्त्रज्ञांचा, १९९२ चा. परीक्षेत पास झालो असं धरलं तर ५४ टक्के विद्यार्थी तिकीट काढतात, नापास धरलं तर ५७, आणि निकाल माहीत नसला तर फक्त ३२! साध्या हिशोबाने आकडा ५४ ते ५७ मधेच पडायला हवा. क्वांटमवाले हिशोबात 'इंटरफिअरन्स'चं, म्हणजे दोन शक्यता एकमेकींना वाढवतात किंवा कापतात त्याचं, एक जादा पद घालतात आणि ३२ काढून दाखवतात, पण त्या पदातला कोन आपल्या हाताने फिरवता येतो, मग काय कुठलाही आकडा येईल. क्रमाच्या बाबतीत मात्र तसं करता येत नाही. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणणाऱ्यांची एकूण टक्केवारी दोन्ही क्रमांत सारखीच यायला हवी असं गणित सांगतं, त्यात फिरवायला काही खुंटीच नाही. २०१४ मधे झेंग वांग, बुसमायर वगैरेंनी अमेरिकेतले ७० राष्ट्रीय सर्व्हे तपासले तर ते जुळलं. पीट रोज आणि शूलेस जो जॅक्सन ह्या बेसबॉलवाल्यांच्या सर्व्हेत जुळत नाही, पण तिथे प्रत्येक प्रश्नाआधी जादा माहिती दिली होती आणि नियम तर मधे काही माहिती न देता विचारलेल्या प्रश्नांपुरताच आहे.

तरी सगळं सिद्ध झालं असं पण छापू नका. त्याच वर्षी खुद्द बुसमायर आणि ख्रेनिकोव्ह वगैरेंनी दाखवलं की पहिला प्रश्न, मग दुसरा, मग परत पहिला विचारला तर माणूस बहुतेक आधीचंच उत्तर देतो, आणि हे आणि क्रमाचा परिणाम दोन्ही एकाच वेळी साध्या क्वांटम मॉडेलमधे बसत नाहीत. त्यावर अजून वाद चाललाय आणि असा वाद वाचायला मला तरी तुमच्या लेखातल्या ऋषीमुनींपेक्षा जास्त आवडला असता.

माझी मागणी छोटी आहे. निवडणुका आल्या की तुम्ही पहिल्या पानावर सर्व्हे छापता, किती लोकांना विचारलं ते टाकता, आमदार नंबर एक कोण ते टाकता. त्याच चौकटीत प्रश्न जसेच्या तसे, कुठल्या क्रमाने विचारले आणि निम्म्यांना उलटा क्रम दिला होता का एवढं टाका. महागाईबद्दल विचारून मग सरकारबद्दल विचारलं की आधी सरकार आणि मग महागाई, हे कळल्याशिवाय त्या टक्क्यांचं आम्ही करायचं काय? जागा नसेल तर पाय चार्ट जरा लहान करा.

आपला,
एक जुना वाचक, कोल्हापूर