धुराड्याच्या सांध्यात निघालेला पत्रा

अमळनेर,
मे महिन्याची अखेर

प्रिय दिगंबर,
सप्रेम नमस्कार.

तुझी दोन पत्रे उत्तराविना माझ्या टेबलावर पडून आहेत आणि तिसरे तू लिहिणार नाहीस हेही मला ठाऊक आहे. वसंताच्या लग्नानंतर धरलेला अबोला तू किती ताणला होतास ते मी विसरलेलो नाही. तरीही आज लिहायला बसलो ते केवळ अपराधी वाटून नव्हे. स्वयंपाकघरावरच्या धुराड्याचा छपराशी असलेला, दर पावसाळ्यात गळणारा सांधा या आठवड्यात उघडला, आणि त्यात जे निघाले त्याचा अर्थ ज्याला कळावा असा माणूस या घरात आता उरलेला नाही. प्रल्हादला दाखवले तर तो म्हणाला, भंगारात चांगला भाव येईल.

प्रकृतीचे आधी उरकतो. माझी साखर आटोक्यात आहे, गुडघे होते तसेच आहेत. माईंना ऐकू कमी येते, बोलण्यात मात्र काही फरक नाही.

नानांशी तू घातलेला वाद तुला आठवत असेलच. तू तेव्हा पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होतास आणि ताटावर बसलेल्या नानांना तू सुनावलेस, की कौलारू छपरातून विटांची चिमणी वर काढणारा जाणता गवंडी तिच्याभोवती पत्रा घातल्यावाचून राहणार नाही, तेव्हा दरवर्षी वरून सिमेंट थापण्यापेक्षा तो पत्रा शोधा. नाना म्हणाले, घर आमच्या वडिलांनी बांधले आहे, तुमच्या पुस्तकाने नव्हे. तू अर्धे भरीत ताटात टाकून उठलास, आणि ते भरीत माईंनी सकाळपासून पऱ्हाट्यांवर वांगी भाजून केलेले असल्यामुळे त्या तुझ्यावर रागावल्या की नानांवर, हे शेवटपर्यंत कळले नाही.

तर दिगंबर, पत्रा होता. तोही शिशाचा. वरचा थर निघाला कसल्याशा नळीतल्या डिंकाचा, तो प्रल्हादने गेल्या वर्षी लावला होता. त्याखाली चंदेरी रंग, त्याखाली डांबर, आणि त्याखाली नानांचे सिमेंट, जे वर्षानुवर्षे चढत जाऊन धुराड्याच्या गळ्यात जाड गळपट्ट्यासारखे बसले होते. बापू मिस्त्रीने ते छिन्नीने हलक्या हाताने फोडले. ग्राइंडर लावू नको असे मीच सांगितले होते, कारण त्याने विटांच्या कडा उडतात. आत समोरच्या आणि दोन्ही बाजूंच्या अंगाला शिशाचा पत्रा कौलांच्या वळणांवर हाताने ठोकून बसवलेला आणि विटांना लागून उभा वळवलेला होता. त्याच्यावर दुसरी वेगळी पट्टी होती. तिची वरची कड विटांच्या दर्जेत, म्हणजे दोन थरांमधल्या सांध्यात, इंचभर आत घालून शिशाच्याच पाचरींनी आवळलेली आणि चुन्याने भरलेली होती, तर खालची कड पहिल्या पत्र्यावर नुसती सोडून दिलेली होती. बाजूंना ती पट्टी छपराच्या उताराबरोबर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेली आहे. दोन पत्र्यांना जोडणारे काहीही नाही, ना खिळा ना डाख. भुसावळला रेल्वेच्या कामांवर पोटठेकेदारी करताना आजोबांनी साहेबांच्या बंगल्यांवर हे पाहिले असणार. तिथून ते नुसती चिमणीची हौस घेऊन आले, असे आपण समजत होतो.

हे जोडलेले नसणे, हीच त्यातली खरी कारागिरी आहे, आणि ती नानांच्या सिमेंटने मोडली. पत्र्याचे तुकडे आखूड का, असा मला प्रश्न पडला होता. काटकसर असेल असे वाटले. पण ब्रिटनमध्ये आजही शिशाच्या पत्र्याचा तुकडा दीड मीटरहून लांब ठेवत नाहीत, कारण शिसे तापले की फार वाढते. आपल्याकडे मे महिन्यात हवेतच पंचेचाळीस अंश असतात. छपरावरचा पत्रा दुपारी किती तापत असेल ते तूच सांग. दुपार आणि पहाट यांत चाळीस अंशांचा फरक धरला, तर एक मीटर शिसे मिलिमीटरभराहून अधिक वाढते आणि वीट त्याच्या सुमारे पाचव्या हिश्श्याने. त्यात आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. धुराड्याचा पाया वेगळा, छपराचा भार खांबांवर वेगळा. दोघे एकाच वेळी, एकाच दिशेला हलतील अशी अपेक्षा कशी करायची? सांध्यात सिमेंट भरले की दोघांपैकी कोणीतरी हलल्यावर केसाएवढी भेग पडते, आणि अशी बारीक भेग पाणी आत ओढून घेते. उघड्या फटीतून आलेले पाणी निदान वाहून तरी जाते. सिमेंटखाली शिरलेले बाहेर निघत नाही. शिवाय ताज्या ओल्या सिमेंटचा क्षार शिशालाही खातो. जिथे सिमेंट थेट चिकटले होते तिथे पत्रा पांढरा पडून पापुद्र्यांनी सुटतो आहे, आणि चुन्यात राहिलेली कड अजून वाकवली तर वाकते.

आता तुझ्या विजयातला थोडा हिस्सा मी काढून घेणार आहे. पाणी पश्चिमेच्या अंगाने येते, झड तिकडूनच लागते, असे तू त्या वेळी छातीठोकपणे सांगितले होतेस. ते चूक आहे. आम्ही नळी लावून पाहिले. प्रल्हादने आधी वरून पाणी सोडले आणि सगळेच गळते असा निकाल दिला, तेव्हा त्याला खाली उतरवून मी आणि बापूने खालून वर जात एकेक अंग स्वतंत्र भिजवले, प्रत्येक ठिकाणी बराच वेळ, आत माईंची नातसून डोळे लावून बसलेली. पश्चिमेचे अंग कोरडे राहिले. पाण्याचा थेंब पडला तो पाठीमागच्या, म्हणजे आढ्याकडच्या अंगाने. बापू तिथे हात घालून म्हणाला, ‘भाऊ, पानी आठून नही येत, वरथून येस.’ वरच्या सगळ्या उताराचे पाणी धुराड्याच्या पाठीवर येऊन अडते. तिथे पत्रा आहे, पण सपाट. त्यात शेजारच्या कडुनिंबाचा पाला साचून त्याची माती झाली आहे. पाणी वाटून दोन्हीकडे काढून देणारी दोन उतारांची छोटी पाठ आजोबांच्या गवंड्याने बांधलीच नाही. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमांत तीस इंचांहून रुंद चिमणीमागे अशी पाठ हवीच असे म्हटले आहे. आपले धुराडे तीन फुटांहून रुंद आहे. त्या जागेखालच्या रिपा कुजल्या आहेत आणि एका वाशाच्या टोकात स्क्रू-ड्रायव्हर निम्मा आत गेला. पडझड मात्र कुठे नाही. तुळई ठणठणीत आहे, सागवान आहे.

प्रल्हादचे म्हणणे असे, की धुराडे छपराखालपर्यंत उतरवून वर कौले घालावीत. भोक नाही तर गळती नाही. या तर्काला माझ्याजवळ उत्तर नाही, आणि तूही शोधू नकोस, कारण तर्क बरोबर आहे. पण चूल कोणी पेटवत नाही हे त्याचे दुसरे म्हणणे खोटे आहे. आखाजीला दोघी बहिणी आल्या होत्या, खापरावर मांडे झाले, आणि ते गॅसवर होत नाहीत हे प्रल्हादनेच मिटक्या मारत कबूल केले. शेवटी असे ठरले की या पावसाळ्यात सांधा कोरडा राहिला तर धुराडे राहील. म्हणजे आता सगळे माझ्या दुरुस्तीवर आले.

माझी खरी अडचण इथून पुढे आहे, आणि ती फोनवर सांगता येण्याजोगी नाही म्हणून हे पत्र. तू म्हणशील, जुने आहे तसेच करा, शिशाला शिसे लावा. मलाही तेच करायला आवडले असते. पण या उताराचे पाणी पन्हळीतून अंगणातल्या हौदात जाते, नळाला पाणी किती दिवसांनी येते हे तुला सांगायला नको, आणि हौदाचे पाणी पिण्यात येते. माई तर दुसरे पाणी पीतच नाहीत. याच छपराच्या पाण्यावर त्या नव्वदीच्या घरात पोहोचल्या असे प्रल्हाद म्हणतो, आणि मला हसू आले. पण पुरावा म्हणून ते चालणार नाही. इतकी वर्षे ते शिसे सिमेंट-डांबराखाली गाडलेले होते. आता ते धुऊनपुसून उघडे ठेवायचे, आणि घरात प्रल्हादची दीड वर्षाची नात आहे. शिसे लहान मुलांच्या मेंदूला किती वाईट हे मी शाळेत शिकवत आलो आहे.

मग पर्याय उरतात ते असे. जस्ती पत्रा स्वस्त आहे आणि कोणीही वाकवून देईल, पण पालापाचोळा साचणाऱ्या जागी जस्त फार टिकत नाही. रंगाचा हात सतत देत राहावे लागेल, आणि आमच्या घरात कोणते काम सतत होते ते तुला माहीत आहे. ॲल्युमिनियम मऊ आहे, पण ओल्या सिमेंटशी त्याचे शिशाहूनही वाकडे. स्टेनलेस स्टीलचा पातळ पत्रा जळगावला मिळतो, पाठीमागच्या दोन उतारांसाठी तो मला योग्य वाटतो. परंतु बाजूंना मंगलोरी कौलांच्या वळणावर तो शिशासारखा बसणार नाही, उसळी मारेल. की बाजूंचे शिसे तसेच ठेवून त्या उताराची पन्हळच हौदापासून तोडून टाकू? सगळ्यांत मोठा उतार तोच आहे. वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडणाऱ्या गावात तेवढे पाणी गटारात सोडायचे मला जिवावर येते, आणि माईंना ते सांगायचे कोणी हा प्रश्न वेगळाच.

तुझा जिथे अधिकार चालतो तेवढेच विचारतो. स्टीलचा पत्रा अर्धा मिलिमीटर घेऊ की जाड? विटांच्या दर्जेत त्याची कड धरून ठेवायला चुन्यात पाचरी कशाच्या घालू, म्हणजे पुन्हा शिसे आणावे लागणार नाही? आणि कुजलेल्या वाशाचे टोक कापून शेजारी नवा तुकडा बोल्टने जोडावा, की अख्खा वासा बदलावा? बापू अख्खा बदलायला सांगतो, पण त्यासाठी आढ्यापर्यंतची कौले उतरवावी लागतील, आणि ती जुनी कौले उतरवताना किती फुटतील याची मला धास्ती आहे. त्याच छापाची आता मिळत नाहीत.

धुराड्याच्या माथ्यावरचा चुन्याचा थर भेगाळला होता, तो काढून नवा केला. त्यात मात्र प्रश्न नव्हता.

वहिनींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नीट झाल्याचे अक्काकडून कळले. धाकटीचे नाशिकला पक्के झाले का? तू नवा फ्लॅट घेतलास तो शेवटच्या मजल्यावर आहे असे ऐकतो. ओव्हरसिअर म्हणून जन्म काढून गच्चीखाली राहायला जाणारा तू पहिलाच. तारीख ठरली की पत्रिकेआधी मला कळव, रजा आता मागावी लागत नाही तरी माईंची सोय बघावी लागते.

बापू मृग लागेपर्यंतच मोकळा आहे, पुढे त्याची पेरणी. तोवर धुराड्याभोवती ताडपत्री बांधून ठेवली आहे. पत्राने उत्तर देऊ नकोस, उशीर होईल. आकडे फोनवर सांग, पण माझ्याशीच बोल. प्रल्हादने फोन घेतला तर तो तुझ्याकडून धुराडे पाडण्याचा सल्ला वदवून घेईल, आणि तू रागाच्या भरात तो देशीलही.

तुझा,
भास्कर

ता. क. शिशाचा पहिला काढलेला तुकडा भंगारात दिलेला नाही. कापडात गुंडाळून मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवला आहे. येशील तेव्हा नानांच्या फोटोसमोर तो तूच दाखव, मी त्या भानगडीत पडणार नाही.