फुंकरीआधीचा एक क्षण

संपादक महोदय,

प्रयोगशाळेतल्या काचेच्या उपकरणांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडीने वाचला. त्यातलं एक वाक्य मात्र खटकलं: ‘या कामाला छातीत दम लागतो.’ सव्वीस वर्षं मी बर्नरपुढे बसून बोरोसिलिकेटच्या, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेच्या, नळ्या वळवल्या, जोडल्या. दम फारसा लागत नाही हो. नीट तापलेली काच गालातल्या हवेनेसुद्धा फुगते. खरा कस लागतो हातांचा, आणि फुंकायचं कधी हे ओळखण्याचा.

सुरुवातीची दोन वर्षं माझा प्रत्येक फुगा एका अंगाला पातळ व्हायचा. नळी ज्योतीतून काढली की मी लगेच फुंकायची. शेजारी बसणारे जुने कारागीर कितीतरी दिवस बघत होते. एकदा एवढंच म्हणाले, “अगं, मनात ‘एक’ म्हण, मग फुंक.” त्या दिवसापासून फुग्याची भिंत सगळीकडे सारख्या जाडीची यायला लागली. का, ते मला बऱ्याच नंतर उमगलं. ज्योतीबाहेर आल्यावर पातळ भाग आधी निवतो आणि ताठ होतो, जाड भाग अजून मऊ असतो. तेवढा क्षण थांबलं की हवा जाड भागालाच ताणते. घाई केली तर पातळ जागाच आणखी ताणली जाते आणि फुटते.

अशा बारीक गोष्टी कितीतरी आहेत. नळी तोडताना तिच्यावर काढलेल्या ओरखड्यावर पाण्याचा थेंब लावला तर तडा सरळ जातो. मोडताना वाकवायचं कमी, ओढायचं जास्त. दोन्ही हात एकाच वेगाने फिरावेत म्हणून मी नळीचे दोन तुकडे कापडाच्या पट्टीने जोडून, ज्योत न लावता, तासन्‌तास फिरवत बसे. पट्टीला पीळ पडला की समजावं, एक हात मागे राहिला.

जोडाचं दुखणं वेगळं. संध्याकाळी देखणा दिसलेला माझा टी-जोड सकाळी तडकलेला सापडला, तोही एकदा नव्हे. मी तो वरवर चिकटवला होता, जोडाची रेघ पूर्ण विरघळू दिली नव्हती. तापलेल्या काचेतल्या सोडियमच्या पिवळ्या झगझगाटात ती रेघ दिसतच नाही, त्यासाठी तो पिवळा उजेड अडवणारा डिडिमियमचा चष्मा लागतो. मी तो डोळ्यांना जड होतो म्हणून काढून ठेवत असे. शिवाय जोड भट्टीत साधारण 560 अंश सेल्सियसला ठेवून सावकाश निववायचा, तेही घाईत राहून जाई.

लेखात उपकरणांचे फोटो सुंदर होते, पण हात एकाही फोटोत दिसले नाहीत. पुढच्या वेळी एखाद्या कारागिराला त्याच्या टेबलापाशी गाठून हे सगळं त्याच्याच शब्दांत छापावं, ही विनंती. माझ्या त्या शेजाऱ्यांना आणखी काय काय ठाऊक होतं, ते विचारायचं राहूनच गेलं.

आपली,
एक निवृत्त काचकाम कारागीर