तोरणाचा झेंडू टाकू नकोस

मेलबर्न,
रविवार

ती. आईस,
सा. न. वि. वि.

दुपट्ट्यात फुलं गुंडाळून वाफवलीस आणि उमटलेला झेंडूचा छाप पहिल्याच धुण्यात गेला म्हणालीस. दोष फुलांचा नाही, कापडाचा आहे. कोऱ्या सुताला खळ असते, मेणही असतं. रंग आत शिरतच नाही.

दुपट्टा साधारण २०० ग्रॅमचा धर. शुद्ध सुतीच हवा, टेरिकॉट नको. चमचाभर धुण्याचा सोडा घालून तासभर उकळ. पाणी पिवळट होईल, ते ओतून दे. वाळल्यावर थेंब टाकून बघ: लगेच शोषला तर ठीक, मोत्यासारखा वर राहिला तर पुन्हा उकळ. मग २० ग्रॅम हिरड्याची पूड गरम पाण्यात भिजवून गाळ आणि त्यात दुपट्टा तासभर ठेव. सुताला तुरटी नुसती नीट धरत नाही, म्हणून हिरडा; रेशमाला तो लागत नाही. पिळून, न धुता, ३० ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात रात्रभर. ही पायरी तू गाळलीस असं मला वाटतं.

दादरहून ताजी फुलं आणायला नकोत. तोरणातली सुकलेलीही चालतात, काळी पडलेली तेवढी काढ. पाकळ्या सुट्या कर, खालचा हिरवा भाग टाक, नाहीतर मळकट डाग पडतात. दुपट्टा पसरून त्यावर पाकळ्या मांड, थर पातळ हवा. रंग पिवळाच येईल, केशरी नाही, कारण केशरी द्रव्य पाण्यात विरघळत नाही.

पानांसाठी आवारातला बदाम उत्तम, त्यात टॅनिन (तुरट द्रव्य) भरपूर. लिटरभर पाण्यात २ ग्रॅम हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून पान बुडव आणि फडक्याने टिपून मगच ठेव, शिरांची बाजू कापडाकडे. ओघळ आला तर तिथं काळा डागच पडेल, कारण सगळ्या कापडात हिरडा आहे आणि त्यातलं टॅनिन लोखंडाने काळं पडतं. हिराकस जास्त झालं तर सूत कुजतं. हातमोजे घाल.

कापड ओलसर हवं, निथळणारं नको. वर प्लॅस्टिकचा कागद घालून जुन्या लाटण्यावर घट्ट गुंडाळ आणि सुतळीने करकचून बांध. छाप पुसट येतो तो बहुतेक वेळा सैल बांधल्यामुळे. पीव्हीसीचा पाइप घेऊ नकोस, वाफेत मऊ पडतो. दीड तास वाफव, मधे पाणी आटतंय का बघ. गणपतीचं मोदकपात्र मुळीच वापरू नकोस. या कामाचं भांडं परत स्वयंपाकात येता कामा नये.

गार झाल्यावर लगेच सोडू नकोस, रात्रभर राहू दे. पण ऑक्टोबरच्या उकाड्यात दोन-तीन दिवस ठेवलंस तर बुरशी धरेल. सोडून सावलीत वाळव आणि आठवडाभर धुऊ नकोस. नंतर रिठ्याच्या पाण्यात, साध्या पावडरीत नाही.

जास्वंदाचा मोह टाळ. जांभळा सुंदर उमटतो, पण साबण लागला की रंग पालटतो आणि उन्हात उडतो. हळदीचंही तेच. पूजेच्या रुमालाला ठीक, दुपट्ट्याला नाही.

बाबांना म्हणावं, माळ्यावरचं जुनं लाटणं भंगारात देऊ नका.

तुझी लेक