ऑफरोड गाडी घेताना आधी खालचा अ‍ॅक्सल बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत मागे ऑफरोड गाड्यांची तुलना आली होती ती पूर्ण वाचली. टचस्क्रीन किती इंची, सनरूफ आहे का, मायलेज किती, ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे गाडीच्या पोटाखालची मोकळी उंची किती, सगळं होतं, पण पुढचा अ‍ॅक्सल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना धरणारी आडवी जोडणी कुठल्या पद्धतीची आणि सस्पेन्शन म्हणजे हादरे झेलणारी स्प्रिंगांची रचना कसली यावर एक ओळ नाही. माझं संगमेश्वर तालुक्यात गॅरेज आहे, या गाड्यांच्या खालीच माझा दिवस जातो, म्हणून राहवलं नाही आणि लिहायला बसलो. स्क्रीन नंतर बदलून मिळते हो, सीट बदलतात, टायर बदलतात, पण अ‍ॅक्सल ज्या पद्धतीचा आला त्याच पद्धतीचा गाडी भंगारात जाईपर्यंत राहतो. आणि वाडीवरच्या रस्त्याला गाडी चढणार की नाही हे बरंचसं तिथेच ठरतं.

आता साधं सांगतो. अख्खा अ‍ॅक्सल, ज्याला सॉलिड किंवा लाइव्ह अ‍ॅक्सल म्हणतात, त्यात डावं आणि उजवं चाक एकाच जाड नळीला बसवलेलं असतं आणि त्या नळीतच डिफरन्शियलचा गोळा, म्हणजे वळताना दोन चाकांना कमीजास्त वेगानी फिरू देणाऱ्या गिअरचा डबा, आम्ही त्याला नुसतं डिफ म्हणतो. एक चाक दगडावर चढलं की नळी तिरकी होते आणि पलीकडचं चाक आपोआप खाली दाबलं जातं, जमीन लवकर सोडत नाही. इंडिपेंडंटमधे प्रत्येक चाक आपलं आपलं वर-खाली होतं, दुसऱ्याला त्याचा पत्ता नसतो, त्यामुळे डांबरी रस्त्यावर गाडी छान बसून चालते, खड्ड्याचा हादरा अर्धा त्या चाकातच जिरतो, पण चाक खाली जायची हद्द कमी असते. जांभ्याच्या पायऱ्या असलेली चढण आली, एका बाजूचं चाक वर गेलं की दुसऱ्या बाजूचं हवेत लटकतं, आणि डिफ साधं असेल तर ते हवेतलं चाक गरगर फिरत राहतं आणि गाडी जागच्या जागी.

आपल्याकडच्या तीन ऑफरोड गाड्या घ्या. मारुतीची जिम्नी, जी आपल्याकडे जून २०२३ ला आली, तिला पुढे-मागे दोन्हीकडे अख्खा अ‍ॅक्सल आहे, थ्री लिंक म्हणजे तो धरून ठेवणारे तीन दांडे आणि कॉइल म्हणजे गुंडाळीची स्प्रिंग. महिंद्राच्या थारला २०२० पासून पुढे डबल विशबोन म्हणजे इंडिपेंडंट आणि मागे मल्टी लिंकवर अख्खा अ‍ॅक्सल, कॉइल स्प्रिंगसकट. फोर्सच्या गुरखालाही २०२१ च्या मॉडेलपासून पुढे इंडिपेंडंट आणि मागे अख्खा. म्हणजे थार आणि गुरखा खालून जवळजवळ एकाच विचाराच्या गाड्या आहेत आणि जिम्नी वेगळी, आणि हाच फरक वाचकाला सांगितला जात नाही, त्याला वाटतं जिम्नी म्हणजे फक्त लहान थार.

पण गोष्ट इथे संपत नाही, डिफचे लॉक बघायला लागतात, म्हणजे डावं-उजवं चाक एकत्रच फिरायला लावणारी सोय. पुढे इंडिपेंडंट दिल्यामुळे जी पकड कमी होते ती कंपनी दुसऱ्या रस्त्याने परत आणते. गुरखाला पुढे आणि मागे दोन्ही डिफला ड्रायव्हरनी हातानी लावायचे लॉक आहेत, ते लावले की हवेत चाक असलं तरी जमिनीवरचं चाक ओढतंच. थारच्या काही व्हेरियंटना मागे मेकॅनिकल लॉक आहे, दोन चाकांच्या फिरण्यात फरक पडला की ते आपोआप लागतं, बाकीच्यांना ब्रेकवर चालणारी सिस्टीम. जिम्नीत डिफला लॉक नाही, फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याकडे ताकद पाठवायची सोय आहे, पण तिथे चाक मुळात हवेतच कमी जातं आणि गाडीही हलकी, म्हणून भागतं. माझं मत विचाराल तर दगडाळ घाटीत हळूहळू चढायचं असेल तर जिम्नीची रचना सगळ्यात मोकळी आणि निर्धास्त, पण खरोखर अडकलात, एक बाजू चरात आणि एक बाजू चिखलात, तर गुरखाचे दोन लॉक जे काम करतात ते दुसरं कोणी करत नाही.

ग्राउंड क्लिअरन्सच्या आकड्यावर तर मला खास लिहायचंय. थार २२६ मिमी, जिम्नी २१०, गुरखा २०२४ ची २३३, लोक हे तीन आकडे पाठ करून माझ्याकडे येतात. हे आकडे गाडी सपाट जागी उभी असतानाचे. इंडिपेंडंटमधे पुढचं डिफ चॅसिसला वर बांधलेलं असतं, उभ्या गाडीत ते उंच दिसतं, पण गाडी खड्ड्यात आपटली, पुढून खाली बसली की तेही बॉडीबरोबर खाली येतं, नेमकं जिथे दगड असतो तिथेच. अख्ख्या अ‍ॅक्सलमधे गोळा खाली लोंबतो खरा पण त्याची जमिनीपासूनची उंची बदलत नाही, गाडीत माणसं भरा की सामान भरा, त्यामुळे ड्रायव्हरला एकदा अंदाज आला की आला, गोळा चुकवून चाक दगडावर घालायचं. उलट ट्रॅक्टरनी पाडलेल्या खोल चाकोरीत, जिथे मधली माती उंच राहते, तिथे हाच गोळा माती खरवडत जातो आणि इंडिपेंडंटवाला पुढून सुटून जातो. एकच आकडा छापून यातलं काय कळणार वाचकाला?

यातूनच दुसरी चूक होते, लिफ्ट किट म्हणजे गाडी उंच करायचं सामान. पोरं स्प्रिंगला दोन इंचाचे स्पेसर म्हणजे ठोकळे घालून येतात, गाडी उंच दिसते, फोटो चांगला येतो, पण अख्ख्या अ‍ॅक्सलचा गोळा होता तिथेच राहतो, तो उंच होतो फक्त मोठ्या टायरनी. आणि इंडिपेंडंटला लिफ्ट दिला की अ‍ॅक्सल शाफ्टचे जॉइंट कायम तिरके चालतात, त्यावरचा रबरी बूट फाटतो, ग्रीस बाहेर, माती आत, मग कटकट आवाज सुरू. अख्ख्या पुढच्या अ‍ॅक्सलला उंची दिली आणि कॅस्टर अँगल म्हणजे चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे कललेला कोन दुरुस्त केला नाही तर हायवेला स्टीअरिंग सैल वाटतं आणि एखाद्या खड्ड्यानंतर पुढची दोन्ही चाकं अशी थरथरायला लागतात की गाडी थांबवल्याशिवाय थांबत नाहीत. झिजलेले बुश म्हणजे सांध्यातले रबर, स्टीअरिंगच्या टाय रॉडचे एंड, चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनचे बेअरिंग हे पण त्याला कारण असतात, म्हणून जुनी जिप्सी किंवा जिम्नी घेणाऱ्यांनी आधी हे हलवून बघावं. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत बदल करून गाडी चालवता येणार नाही हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वरून सुप्रीम कोर्टानी जानेवारी २०१९ मधे स्पष्ट सांगितलंय, अपघात झाला तर इन्शुरन्सवालाही हेच पुढे करणार.

पाटे, म्हणजे पोलादी पानं एकावर एक रचलेली स्प्रिंग, ही जुनी गोष्ट असं कुणी म्हणालं तर मला पटत नाही. जुन्या विलीज, एमएम ५४०, जिप्सी, सगळ्यांना चारही चाकांना पाटेच होते, बोलेरोला मागे अजून पाटेच आहेत. रिकाम्या गाडीत पाटे उडवतात, कंबर धरते हे खरं, पण भाताची पोती, खताच्या गोणी, वाळू भरून चढायचं असेल तर पाट्यासारखं काही नाही, आणि तुटला तर तालुक्याच्या गावात पानं बदलून, कमान काढून त्याच दिवशी मिळतो. कॉइलच्या गाडीत चाक जास्त खाली-वर जातं, आराम आहे, पण अ‍ॅक्सल धरून ठेवायला लिंका आणि बुश लागतात आणि ते बुश लाल मातीत झिजतात, हा खर्च धरूनच चालावं.

परदेशातही कंपन्यांचं एकमत नाहीये. मर्सिडीजनी जी क्लासला २०१८ मधे पुढे इंडिपेंडंट केलं, मागे अख्खा ठेवला. नवीन डिफेंडरनी तर चारही बाजूंनी इंडिपेंडंट केलं, जुना डिफेंडर अख्ख्या अ‍ॅक्सलवर नाव कमावलेला. आणि जीप रँग्लर, जिची जोडणी २०२१ पासून आपल्या रांजणगावला होते, ती मात्र दोन्हीकडे अख्खा अ‍ॅक्सल धरून बसलीय, तिच्या रुबिकॉन मॉडेलला पुढचा स्वे बार, म्हणजे गाडी वळणावर कलू नये म्हणून दोन्ही बाजू जोडणारी सळई, बटणानी सोडता येतो, म्हणजे हायवेला बार जोडलेला, दगडात सोडलेला. प्रत्येकानी आपलं गिऱ्हाईक कुठे गाडी चालवतं ते बघून ठरवलंय, मग आपल्या गिऱ्हाईकानी पण तसंच ठरवावं ना.

चिखलाचं वेगळं आहे. गोव्यात पावसाळ्यात जी रेनफॉरेस्ट चॅलेंज स्पर्धा २०१४ साली सुरू झाली तिथे बघा, अ‍ॅक्सल तिरका होण्यापेक्षा टायरची नक्षी, लॉक आणि गाडी ओढून काढणारी विंच यांनी गाड्या बाहेर निघतात. मराठवाड्यातल्या काळ्या मातीतही तसंच, टायरच्या खाचा भरल्या की कुठलंही सस्पेन्शन असो, घसरणारच.

आणि पाण्यातून जाणाऱ्यांसाठी एक, हे कुणीच लिहीत नाही. चालून तापलेला डिफचा गोळा पऱ्ह्याच्या गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर म्हणजे हवा ये-जा करायच्या नळीतून किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ब्रीदरची नळी वर नेलेली आहे का बघा, आणि पावसाळ्यात खोल पाण्यातून गेलात तर नंतर ऑइल काढून बघा, दुधाळ झालं असेल तर लगेच बदला, नाहीतर बेअरिंग आणि गिअर दोन्ही जातील आणि तो खर्च फार मोठा आहे.

मग घ्यायची कुठली? ज्याचं जास्त चालणं मुंबई-गोवा हायवेला आणि महिन्यातून कधीतरी कच्चा रस्ता, त्यानी पुढे इंडिपेंडंट मागे अख्खा हीच जोडी घ्यावी, उगाच दोन्हीकडे अख्खा घेऊन ऐंशीच्या पुढे स्टीअरिंगशी झगडू नये. ज्याचं घरच दगडी घाटीच्या वर आहे, रोज हळू चढायचं, माल कमी, त्याला जिम्नी. माल आहे त्याला पाटे. एकटाच लांब रानात जाणाऱ्याला दोन लॉकवाली.

संपादक साहेब, पुढच्या तुलनेत प्रत्येक गाडीचा एक फोटो खालून काढून छापा, पुढून आणि मागून, आणि शेजारी चारच गोष्टी लिहा, अ‍ॅक्सल कसला, स्प्रिंग कसली, लॉक कुठे, ब्रीदर किती उंच. फोटो काढायला गाडी वर घ्यायची असेल तर माझा रॅम्प मोकळा आहे, पैसे नकोत.

आपला वाचक,
एक गॅरेजवाला, ता. संगमेश्वर