शेऱ्याच्या चौकटीतले दोन शब्द

सातारा,
९ फेब्रुवारी २०२५

चि. मृणाल हिला अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू तिकडे अमेरिकेत तुमच्या विधी साहाय्य केंद्रात आलेल्या त्या माजी अमेरिकी सैनिकाच्या फाइलविषयी सांगत होतीस, तेव्हा मी हूं की चूं केले नाही. तुझ्या आईला वाटले की मला नीट ऐकू आले नाही. मला सगळे ऐकू आले होते. तू बोलता बोलता सांगून गेलीस, की त्याच्या समुपदेशनाच्या, म्हणजे वरिष्ठाने दिलेल्या लेखी समजेच्या, एका कागदावर, सैनिकाने आपले म्हणणे लिहायची जी चौकट असते तिच्यात, ‘झोप लागत नाही’ एवढ्या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द त्याच्या हस्ताक्षरात आहेत आणि बाकीच्या कागदांवरच्या चौकटी कोऱ्या आहेत. त्यानंतर तू लगेच त्याच्या डिस्चार्जवरचा शेरा सुधारून मागण्याच्या अर्जाच्या मुदतीकडे वळलीस. माझे मन मात्र त्या दोन शब्दांपाशीच राहिले, म्हणून हे पत्र.

त्याचे नाव तू मला सांगितले नाहीस, हे योग्यच केलेस. मला नावाची गरज नाही. जुलै २००९ मध्ये अफगाणिस्तानातून परतलेला, गाडीखाली सुरुंग फुटून एकदा बेशुद्ध पडलेला, नोव्हेंबरपासून सकाळच्या हजेरीला उशिरा येऊ लागलेला, फेब्रुवारी २०१० मध्ये लघवीच्या चाचणीत गांजा सापडलेला, नऊ दिवस विनापरवानगी गैरहजर राहिलेला आणि त्याच वर्षी जूनमध्ये ‘अदर दॅन ऑनरेबल’, म्हणजे सेवा सन्मानाची नव्हती, असा शेरा घेऊन घरी गेलेला माणूस, एवढी ओळख मला पुरेशी आहे. तुझ्या देशातला कायदा मला ठाऊक नाही, पण सैन्यातला कागद कसा तयार होतो हे मी चोवीस वर्षे रोज पाहिले आहे. म्हणून तू पाठवलेली सगळी कागदपत्रे चष्मा पुसून पुसून दोनदा वाचली.

तुला एक गोष्ट मी कधी सांगितली नाही. १९९४ साली मी आमच्या पलटणीच्या कार्यालयात हवालदार क्लार्क होतो. अकरा वर्षे नोकरी झालेला एक जवान होता. त्याच्या नावावर चार रेड इंक एंट्र्या झाल्या, म्हणजे शिक्षांच्या नोंदवहीत लाल शाईने चढलेल्या चार शिक्षा. पहिली भरतीनंतरच्या काळातली होती. उरलेल्या तीन चौदा महिन्यांत झाल्या होत्या : दोनदा रजेवरून उशिरा हजर आणि एकदा ड्यूटीवर दारू प्यालेला. ते चौदा महिने सुरू झाले ते तो सियाचीनहून खाली आल्यावर. वर त्याच्या चौकीवरचे दोघे हिमकडा कोसळून गाडले गेले होते आणि त्यांना उकरून काढणाऱ्यांत तो होता. हे पलटणीत सर्वांना माहीत होते, पण त्याच्या फाइलमध्ये कुठेही नव्हते.

आमच्याकडे चार लाल नोंदी झाल्या की ‘अवांछित’ ठरवून घरी पाठवायची वाट मोकळी होत असे. आर्मी रूल १३ खाली कारणे दाखवा नोटीस निघाली, ती मीच टंकलिखित केली. उत्तरादाखल त्याने रेघांच्या वहीचा कागद फाडून आणून दिला. त्यावर पेन्सिलीने एकच ओळ होती : ‘साहेब, रात्री बर्फाचा आवाज येतो.’ मी ती ओळ वाचली, कागदाला भोक पाडले आणि फाइलला लावला. वरून आदेश आला, तसा मी पुढच्या टिपणात ‘उत्तर असमाधानकारक’ असे टंकले. हा शब्द माझ्या बोटांनी उमटवलेला आहे. पंधरा वर्षे पुरी न झाल्यामुळे त्याला निवृत्तिवेतन मिळाले नाही.

म्हणून तुला माझे पहिले सांगणे असे, की फाइल ज्या क्रमाने लावलेली आहे त्या क्रमाने तू ती वाचू नकोस. क्लार्क फाइल लावतो ती निर्णयाकडे नेणारी लावतो. वर आरोप, खाली पुरावा, त्याखाली आधीच्या चुका अशी तिची रचना असते, आणि वाचणाऱ्याला माणूस चुकांपासूनच सुरू झाल्यासारखा दिसतो. तू मोठा कागद घेऊन एकाच रेघेवर तारखा मांड. त्याची भरती, त्याला मिळालेले बिल्ले आणि प्रशस्तिपत्रे, सुरुंगाचा स्फोट, परतणे, ते दोन शब्द, पहिला उशीर, चाचणी, नऊ दिवस, डिस्चार्ज. स्फोटाआधी त्याच्या नावावर एकही शिक्षा नाही असे तू म्हणालीस, ते खरे असेल तर रेघेचा डावा भाग स्वच्छ दिसेल आणि उजवीकडे सगळी गर्दी दिसेल. अर्जावर निर्णय देणाऱ्या मंडळावरच्या माणसांना हे पानभर युक्तिवादाने पटायला वेळ लागतो, रेघेवर लगेच दिसते.

दुसरी गोष्ट मी तूच पाठवलेल्या कागदांत वाचली आणि ती तुझ्या नजरेतून सुटू नये म्हणून लिहितो. ऑक्टोबर २००९ मध्ये तिकडच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, कायदा केला, की मागच्या चोवीस महिन्यांत परदेशी मोहिमेवर गेलेल्या सैनिकाला युद्धजन्य मानसिक आघाताचे किंवा मेंदूच्या इजेचे निदान झालेले असेल, किंवा त्याने स्वतः तसा त्रास असल्याचे वाजवी रीतीने सांगितले असेल, तर अशा वाईट शेऱ्याने प्रशासकीय रीत्या काढून टाकण्याआधी त्याची वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. तुझा माणूस परतून अकरा महिनेही झाले नव्हते. ‘झोप लागत नाही’ हे सांगणे त्या कायद्याच्या अर्थाने पुरेसे होते का, हा वादाचा मुद्दा आहे आणि तो तुझ्या प्राध्यापकांशी नीट बोलून घे. पण तपासणीचा कागद फाइलमध्ये आहे की नाही हे आधी शोध. नसेल तर ‘सापडत नाही’ एवढ्यावर थांबू नकोस, त्याच्या वैद्यकीय नोंदी वेगळ्या मागव. सरकारी काम नियमाप्रमाणेच झाले असे मंडळ गृहीत धरून चालते आणि ते गृहीत मोडण्याचे ओझे अर्जदारावर असते. कागदाच्या अभावाला कागदानेच सिद्ध करावे लागते, हे आम्ही क्लार्क लोक चांगले जाणतो.

तिकडे डिस्चार्ज पुनर्विलोकन मंडळ दोन प्रश्न विचारते, असे मी समजलो. काढून टाकताना कायदा आणि नियम पाळले गेले का, हा एक. आणि ते पाळले गेले असले तरी त्या माणसाला दिलेला शेरा न्याय्य होता का, हा दुसरा. हा दुसरा प्रश्न विचारायला अधिकृत जागा आहे, याचे मला खरोखर समाधान वाटले. २०१४ मध्ये संरक्षणमंत्री हेगेल यांनी मानसिक आघाताच्या प्रकरणांकडे उदारपणे पाहा असे मंडळांना सांगितले, आणि ऑगस्ट २०१७ च्या पत्रकात त्याचे चार सरळ प्रश्न झाले : त्या माणसाला असा काही विकार किंवा अनुभव होता का, तो सेवेच्या काळातला होता का, त्यामुळे गैरवर्तनाची तीव्रता खरोखर कमी होते का, आणि शेवटी, तो गैरवर्तनापेक्षा जड भरतो का. त्याच पत्रकात म्हटले आहे की सैनिकाचे स्वतःचे सांगणेही पुरावा ठरू शकते, आणि त्रास शमवण्यासाठी केलेली नशा विचारात घेण्याजोगी आहे. हे वाचताना मी थोडा वेळ कागद खाली ठेवला. १९९४ साली आमच्या टेबलावर असे पत्रक असते तर पेन्सिलीची ती ओळ कोणाला तरी पुन्हा वाचावी लागली असती.

पण मुली, चौथ्या प्रश्नाला सामोरे जाताना त्याची चूक लहान करून लिहू नकोस. गांजा त्याने ओढला होता. नऊ दिवस तो नव्हता, आणि त्या नऊ दिवसांत त्याचा पहारा दुसऱ्या कोणीतरी दिला. आमचा जवानही ड्यूटीवर प्याला होता आणि त्या रात्री त्याच्या शेजारी झोपलेल्यांचे जीव त्याच्या भरवशावर होते. सैन्याला शिस्तीची गरज नाही असे म्हणणारा माणूस सैन्यात राहिलेला नसतो. मंडळावर गणवेशातले लोक बसतात. अर्जदाराने चूक झाकली की त्यांना ती आणखी मोठी दिसते. अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात त्याने सरळ लिहावे, की मी हे केले, या तारखांना केले. मग कारण सांगावे. आधी कारण आणि मागून कबुली असा क्रम ठेवला तर कारण हे निमित्त वाटते.

त्याने आपले प्रकरण चौकशी मंडळापुढे नेण्याचा हक्क सही करून सोडून दिला, हे तू फार सहज सांगितलेस. तिथे थांब. असा शेरा देण्याआधी तीन जणांच्या मंडळापुढे उभे राहून बोलण्याचा हक्क असतो. तो त्याने का सोडला, सही करताना त्याच्यासोबत कोणी वकील बसला होता का, किती मिनिटे बसला, त्याला काय समजावले, हे त्याला विचार. ‘सही कर, लवकर घरी जाशील’ हे वाक्य मी आमच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर अनेकदा ऐकले आहे. ज्याला रात्र काढणे जड जाते तो माणूस लवकर घरी जाण्यासाठी वाटेल त्यावर सही करतो.

मागणी नेमकी लिही. नुसते ‘शेरा सुधारा’ असे लिहू नकोस. सेवेचे स्वरूप ‘ऑनरेबल’ करावे, डिस्चार्जच्या कारणापुढे लिहिलेले ‘गैरवर्तन, अमली पदार्थ’ काढावे, पुनर्भरतीचा संकेतांक बदलावा, असे प्रत्येक रकान्याचे नाव घेऊन लिही. सेवामुक्तीच्या या डीडी २१४ नावाच्या कागदावर कारणही छापलेले असते, आणि नोकरीवर ठेवणारा मालक आधी तेच पाहतो. शेरा चांगला झाला आणि कारण तसेच राहिले तर अर्धे काम झाले. चाळिशीच्या या माणसाला आता शिकायचे आहे असे तू म्हणालीस, आणि जीआय बिल या माजी सैनिकांसाठीच्या कायद्याखालचा शिक्षणाचा लाभ ‘ऑनरेबल’ शेऱ्याशिवाय मिळत नाही. मधला ‘जनरल’ शेरा मिळाला तर त्याला घरी आनंद होईल, पण कॉलेजची फी भरता येणार नाही. हे त्याला आधीच स्पष्ट सांग, म्हणजे निकालाच्या दिवशी त्याची फसगत होणार नाही.

मुदतीविषयी तुझी घाई बरोबर आहे. डिस्चार्जपासून पंधरा वर्षे, म्हणजे येत्या जूनपर्यंत अर्ज पोचला पाहिजे. त्यानंतर त्याला नोंदी दुरुस्त करणाऱ्या दुसऱ्या मंडळाकडे जावे लागेल, आणि तिथे तीन वर्षांची मुदत उलटल्याबद्दल आधी माफी मागावी लागेल. कागदांवरून निर्णय मागायचा की समक्ष सुनावणी, हे त्याच्याशी बसून ठरव. माझे मत विचारशील तर समक्ष सुनावणी माग. त्याचे म्हणणे आजवर एकदाही कोणी त्याच्या तोंडून ऐकलेले नाही. मात्र त्याआधी त्याला दोन-तीन वेळा शांतपणे बोलू दे आणि तू मध्ये बोलू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे, तू समोरच्याचे वाक्य पुरे करतेस. इथे ते करू नकोस.

आमच्या जवानाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. ऑक्टोबर २०१५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने वीरेंद्र कुमार दुबे यांच्या प्रकरणात निर्णय दिला, की चार लाल नोंदी झाल्या म्हणून आपोआप कोणाला काढता येत नाही; आधी चौकशी झाली पाहिजे, आणि त्याची नोकरी किती झाली, तो कोणत्या खडतर ठिकाणी राहिला हेही पाहिले पाहिजे. निर्णयाची प्रत हाती आली तेव्हा मी निवृत्त होऊन बारा वर्षे झाली होती. पुढच्या वर्षी पत्ता काढत मी त्याच्या गावी गेलो. तो साखर कारखान्याच्या गेटवर राखणदार होता. मी त्याला सशस्त्र दल न्यायाधिकरणाविषयी सांगितले. मुदत सहा महिन्यांची असली तरी उशीर माफ होऊ शकतो, मुंबईला त्याचे खंडपीठ आहे, मी स्वतः अर्ज लिहून देतो, असे म्हणालो. त्याने चहा मागवला. माझे सगळे ऐकून घेतले आणि ‘आता कशाला, क्लार्कसाहेब’ म्हणाला. मग मी त्याला त्या पेन्सिलीच्या ओळीविषयी विचारले. असे काही आपण लिहिले होते हे त्याला आठवतच नव्हते. मी दोनदा विचारले, दोन्हीदा त्याने मान हलवली.

तुझ्या माणसालाही कदाचित आठवणार नाही. तेव्हा प्रत त्याच्यासमोर ठेव, चौकटीवर बोट ठेवून दाखव आणि त्या आठवड्यात कोण त्याच्या खोलीत राहत होते ते विचार. तो सोबती हयात असेल आणि सापडला तर त्याचे प्रतिज्ञापत्र पहिल्यांदा मिळव; रात्री काय होत होते हे त्यानेच पाहिले असणार. आणि त्या दोन शब्दांखालची तारीख नि चाचणीची तारीख यांच्यामध्ये किती दिवस गेले ते मोजून मला कळव. तेवढ्या दिवसांत त्याला डॉक्टरकडे कोणी पाठवले होते का, हे अर्जात आलेच पाहिजे.

तुझे,
बाबा