कच्च्या मांसाला चिमटाच हवा

महोदय,

जपानला जाणारे मराठी पर्यटक हल्ली सुशी (भातावर ठेवलेला मासा) आणि याकिनिकूच्या महागड्या हॉटेलांतही जातात. याकिनिकूत मांस आपणच टेबलावरच्या जाळीवर भाजायचे असते. तिथे कच्चे मांस चिमट्यानेच उचलावे, जेवायच्या काड्यांनी कधीही नाही, नाहीतर त्यावरचे जंतू काड्यांवाटे पोटात जातात. २०११ मध्ये जपानमधील याकिनिकू हॉटेलांत कच्चे गोमांस खाऊन पाच जण दगावले. २०१२ पासून गाईचे कच्चे यकृत वाढण्यावर बंदी आहे. हॉटेल भारीतले असले तरी ही काळजी घ्यायलाच हवी. जाळी गच्च भरू नये. चरबी गळून भडका उडतो, मांस बाहेरून करपते आणि आत कच्चे राहते. सुशीचे सोपे आहे: सोया सॉस माशाच्या बाजूला लावावा, भात बुडवला तर तो सुटतो.

– एक वाचक